सकाळी सुटणारी नदी

"आई, ही नदी चालू कोण करतं?"

गेल्या डिसेंबरात लेकीने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही दोघी रायगड जिल्ह्यात, कोलाडजवळच्या साजे गावापाशी कुंडलिका नदीच्या काठावर उभ्या होतो. अंगात लाईफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात वल्ही, आणि समोर पाणी जवळजवळ नाहीच. काळे खडक, गोल गोटे आणि त्यांच्यामधून वाट काढत चाललेली धार. मला हसू आलं. पुण्यात पाच वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, एम.ए.सुद्धा त्याच विषयात. "अगं, नळ आहे का तो चालू करायला? नदी असते, ती आपली वाहते," असं मी मास्तरणीच्या सुरात सांगून टाकलं. आम्हाला शिकवणारा दादा शेजारी दोर गुंडाळत होता. तो वर न बघताच म्हणाला, "ताई, तिचंच बरोबर आहे. पाणी अजून सुटलं नाही."

भूगोलाच्या बाईंची अशी विकेट गेली.

हा अंक आपल्या भारतातल्या नातेवाइकांकडेही जातो, म्हणून आधी महबूल्याबद्दल दोन ओळी. कुवेत शहराच्या दक्षिणेला, फिंतास आणि अबू हलिफा यांच्यामध्ये समुद्राला चिकटून आमचं महबूला. उंच इमारती, त्यांच्या फटींतून दिसणारं निळं पाणी, आणि एका मजल्यावर चार भाषा. या देशात नदी नाही. एकही नाही. एके काळी पिण्याचं पाणी शत्त-अल-अरबमधून लाकडी जहाजांत भरून आणावं लागायचं. 1953 साली शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करणारा सरकारी कारखाना सुरू झाला, आणि आता तर शुऐबा, अझ-झौर अशा ठिकाणी वीज आणि पाणी एकाच आवारात तयार होतं. वीजखातं आणि पाणीखातं इथे एकच. दोन वर्षांची असल्यापासून इथे राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने पाणी ही कुणीतरी बनवायची आणि चालू करायची गोष्ट असते. तिचा प्रश्न भाबडा नव्हता, तिच्या अनुभवातून आलेला होता.

वल्ह्याचं खूळ मात्र तिच्या बाबांचं. तो सांगलीचा. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघत वाढलेला माणूस समुद्रासमोर हात जोडून किती दिवस बसणार? तीन हिवाळ्यांपूर्वी त्याने दोन माणसांची, हवा भरायची कयाक आणली. डिसेंबर ते फेब्रुवारी शुक्रवारी सकाळी वारा पडलेला असला की समुद्र ताटासारखा सपाट असतो. बापलेक पाण्यात आणि मी काठावर, थर्मास आणि टॉवेल सांभाळायला. आमच्या माहेरी बायका पाण्यात उतरत नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

मग 2024 च्या जुलैअखेरीस पॅरिस ऑलिंपिक आलं. आपल्यापैकी बहुतेकांनी नेमबाजी, हॉकी आणि नीरज चोप्राची भालाफेक पाहिली असेल. आमच्या घरी कॅनू स्लालम लागायचं. फेसाळत्या पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या जोड्या. हिरव्या जोडीतून प्रवाहाबरोबर जायचं, लाल जोडीतून प्रवाहाच्या उलट. दांड्याला नुसता स्पर्श झाला तरी वेळेत दोन सेकंदांची भर, आणि जोडी चुकली तर तब्बल पन्नास. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने तिथे कयाक आणि कॅनू दोन्हींत सुवर्ण जिंकलं. तिची आई फ्रान्सची, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कयाकचं कांस्य मिळवलेली, आणि तीच लेकीची प्रशिक्षक. हे ऐकल्यावर आमच्या कन्येने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेली नाही. थर्मास माझ्या मांडीवर होता.

इथे एक घोळ सोडवते, कारण मलाही तो फार उशिरा सुटला. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कॅनूमध्ये गुडघ्यांवर बसतात आणि वल्ह्याला एकच पातं, दुसऱ्या टोकाला मूठ. कयाक उत्तरेकडच्या बर्फातल्या इन्यूइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढवलेली शिकारीची होडी. कॅनू उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, भूर्जाच्या सालीची. नदीतून माल आणि माणसं न्यायची. एका पात्याचं वल्हं आपल्याकडेही जुनंच आहे. आखातात 'हूरी' नावाची, एका ओंडक्यात कोरलेली छोटी होडी असायची. तिच्यासाठी लाकूड मलबारातून यायचं, आणि कित्येकदा होडीच तिथून कोरून यायची. हूरी हा शब्द आपल्या 'होडी'चाच नातलग, असं अभ्यासक मानतात. कुवेतच्या राजचिन्हावर शिडाचं जहाज आहे, ते अशाच सागवानाच्या बळावर उभं राहिलं.

ऑलिंपिकमध्ये बायकांना कॅनू स्लालम मिळालं ते थेट टोकियोत, 2021 साली. तोवर त्यांनी फक्त कयाक चालवायची. गुडघ्यांवर बसून एका अंगाने वल्हवणं बायकांच्या शरीराला मानवत नाही, अशी समजूत होती म्हणे. ही समजूत काढणाऱ्यांनी कधी भात लावणी पाहिली नसावी.

डिसेंबरात भावाच्या लग्नाला पुण्याला आलो. नवऱ्याची रजा संपली, तो लग्न उरकून परतला. आमच्या दोघींच्या हातात आठ दिवस होते. कोलाडला राफ्टमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि हिला नुकतीच चौदा पूर्ण झालेली. एकटीला पाठवायला मी तयार नव्हते आणि सोबत जायची हिंमत नव्हती. शेवटी गेले, दोन दिवस काठावर बसायचं असं मनाशी ठरवून.

आता त्या सकाळकडे. फोन आला. दादाने सगळ्यांना खडकांवरून वर यायला सांगितलं. आधी काहीच दिसलं नाही, फक्त आवाज बदलला. मग वरच्या वळणावरून पाणी आलं. भिंतीसारखं वगैरे नाही, चुलीवरचं दूध चढतं तसं. एकेक खडक बुडाला, मघाची धार पात्रभर झाली, आणि जिथे गोटे होते तिथे पांढऱ्या फेसाचे पट्टे उमटले. डिसेंबरात, पाऊस संपून दोन महिने झाल्यावर, कोकणातली आखूड नदी अशी भरून वाहताना मी कधी पाहिली नव्हती.

हे पाणी कुंडलिकेचं नव्हे, निदान जन्माने नव्हे. ते मुळशीचं. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळा पूर्ववाहिनी. पुण्यात तिला मुठा मिळते, दोघी मिळून भीमेला जातात, भीमा पंढरपुराला चंद्रभागा होते आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला पोचते. हा नकाशा मी फळ्यावर खडूने कितीदा काढला असेल! पण धरणात अडवलेलं बरंच पाणी त्या वाटेने जातच नाही. सह्याद्री पोखरून ते पश्चिमेच्या कड्याशी आणलं आहे, आणि तिथून पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. ते वीजघर 1927 पासून चालू आहे. पाण्याचा झोत चाकाच्या वाट्यांवर आदळतो, चाक फिरतं, वीज मुंबईकडे जाते. तेच पाणी रवाळज्याच्या धाकट्या वीजघरात आणखी एकदा राबतं आणि मग कुंडलिकेत मोकळं होतं. म्हणजे पंढरपूरला जायचं पाणी रोह्याला जाऊन अरबी समुद्राला मिळतं. मुंबईला वीज हवी असेल तेव्हा पाणी सुटतं, आणि पाणी सुटलं की कोलाडच्या राफ्टवाल्यांचा दिवस सुरू होतो. ज्या दिवशी सुटत नाही, त्या दिवशी सगळे चहा पीत बसतात.

आमच्या कुवेतमध्ये वीजघराच्या उष्णतेवर पाणी होतं, इथे पाण्यावर वीज. लेकीला हे उलटसुलट गणित फार आवडलं. मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, कारण मुळशी आमच्या घरातला शब्द आहे.

माझ्या आईची आई मुळशी खोऱ्यातली. म्हणजे तिची आई, माझी पणजी, तिथली. तिचं गाव पाण्याखाली गेलं. धरणाच्या कामाविरुद्ध 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा पणजी दहाएक वर्षांची होती. पन्नासहून अधिक गावं, भाताची खाचरं, मावळातली शेतकरी कुटुंबं. सेनापती बापटांना ती 'सेनापती' पदवी या लढ्याने दिली. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी यावर अख्खं पुस्तक लिहून त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं आहे. लढा 1924 मध्ये संपला आणि धरण झालं. शाळेत आम्ही हे चार ओळींत शिकलो आणि मीही पुढे मुलांना चार ओळींतच शिकवलं. घरात मात्र ते वेगळ्या रीतीने उरलं होतं. आजी खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायची आणि आम्हा पोरांवर ओरडायची, "उगाच दिवे जाळू नका, आमच्या शिवाराची वीज आहे ती." आणि कुठल्याही मोठ्या पाण्याच्या काठी आली की पदर डोक्यावर घेऊन मागे उभी राहायची. आम्ही मुली तेच बघून शिकलो. पोहायला कुणी मना केलं नव्हतं. कुणी शिकवलं नाही, एवढंच.

म्हणून त्या दिवशी दादाने "ताई, तुम्ही कुठली बोट घेणार?" असं विचारलं तेव्हा मी "कुठलीच नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, "माझी कंबर धरते, पाय पसरून बसता येत नाही" असं म्हणून गेले. हा नकार आहे असं मला वाटत होतं. त्याने तो अर्ज समजला. कॅम्पवर सगळ्या कयाक होत्या आणि एकच जुनी लाल कॅनू. "मग ही तुमच्यासाठी. वज्रासन येतं ना?"

वज्रासन येतं. देवघरासमोर आणि पोळपाटासमोर आयुष्य गेलंय.

त्या कॅनूचं थोडं वर्णन करते. जाड प्लास्टिकची, साच्यात ओतून केलेली. खडकावर घासली तरी फक्त ओरखडा उठतो. तळ अर्धगोल, म्हणून ती जागीच डुलते आणि नवशिक्याला वाटतं आता उलटणार. मध्ये फोमचा उंचवटा, त्यावर बूड टेकायचं, गुडघे दोन बाजूंना रुंद ठेवायचे, मांड्यांवरून पट्टे. पुढे-मागे हवेच्या फुगीर पिशव्या बांधलेल्या, म्हणजे होडी उलटली तरी पोटात पाणी कमी भरतं आणि ती तरंगत राहते. कयाकवाल्यांच्या कमरेला रबराचा घागरा असतो, तो होडीच्या तोंडावर ताणून बसवला की आत थेंब जात नाही. उघड्या कॅनूत ती सोय नाही. पाणी येतं, काठावर जाऊन उपसायचं. लाईफ जॅकेट इतकं घट्ट हवं की खांद्याला धरून उचललं तर माणूसही उचलला जावा. आपल्याकडे तलावावरच्या होड्यांत गळ्यात नुसती अडकवलेली जॅकेटं बघते तेव्हा आता माझा जीव वर-खाली होतो.

पहिला अख्खा दिवस खालच्या संथ डोहात गेला. एका बाजूने वल्हवलं की होडी दुसरीकडे वळते, हे पहिल्या दहा हातांत कळलं. मी गोल गोल फिरत होते आणि कन्या काठावरून व्हिडिओ काढत होती. उपाय असा: वल्हं मागे नेऊन संपवताना मुठीचा अंगठा खाली वळवायचा आणि पात्याने पाणी हलकेच बाहेर ढकलायचं. पाण्यात इंग्रजी 'जे' अक्षर उमटतं, म्हणून त्याला 'जे स्ट्रोक' म्हणतात. वरणात फिरवलेला डाव शेवटी बाजूला घेतो, साधारण तीच मनगटाची हालचाल. दुसरी गोष्ट, ओढायचं हातांनी नाही, पाठीने. वल्हं पुढे रोवायचं आणि होडीला त्याच्यापर्यंत आणायचं. पाणी मागे ढकलतो आहोत असं समजणारा दमतो. मी दमले. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर जाईना.

दुसऱ्या दिवशी वाहतं पाणी. तिथे पहिलं काम वल्हवणं नव्हे, वाचणं. दादाने आम्हाला अर्धा तास काठावर बसवून पाणी वाचायला लावलं, आणि इतकी वर्षं मी नदी पुस्तकातून शिकवली याची मला जरा लाज वाटली. दोन खडकांमधून पाणी जातं तिथे गुळगुळीत जिभेसारखा पट्टा होतो, त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेने, ती वाट. टोक उलट, म्हणजे आपल्याकडे असेल, तर तिथे पाण्याखाली खडक दडलेला आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी थांबतं, थांबतं कसलं, उलटं वर चढतं. याला हे लोक 'एडी' म्हणतात. मी मनात 'माहेर' म्हटलं. सगळी नदी खाली धावत असताना खडकाच्या आडोशाला होडीभर जागा असते, तिथे शिरून दम घेता येतो, पुढचं बघता येतं. चांगला वल्हेकरी नदीतून सरळ खाली जात नाही, एका आडोशातून दुसऱ्या आडोशात जातो.

नदी ओलांडायची रीत तर मला तोंडपाठ व्हायला हवी होती. होडीचं तोंड वरच्या अंगाला, थोडं तिरकं धरायचं आणि प्रवाहाशी नुसतं तोलून राहायचं. प्रवाहच तुम्हाला बाजूला सरकवत पलीकडे नेतो. पूल नव्हते तेव्हा आपल्या गावोगावच्या तरी अशाच चालायच्या. नावाडी नदीशी भांडायचा नाही, तिच्याकडूनच काम करून घ्यायचा.

आणि मग ती मुख्य गोष्ट, जी ऐकायला सोपी आहे. खडकाच्या आडोशातून धावत्या पाण्यात निघताना होडी खालच्या बाजूला कलती ठेवायची, पाण्याला तिचं पोट दाखवायचं. प्रवाहाने होडी खडकावर नेऊन टेकवलीच, तर खडकाकडे झुकायचं. दादाच्या शब्दांत, "दगडाला मिठी मारायची, ताई." कारण भ्यायलेलं शरीर नेमकं उलट करतं. ते धोक्यापासून लांब झुकतं. मग वरच्या बाजूची कड पाण्यात बुडते, प्रवाह तिच्यावर चढतो आणि क्षणात होडी पालथी. मला हे शब्दशः पाठ होतं. परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

तिसऱ्या खळाळात एक काळा खडक डावीकडून माझ्याकडे आला. म्हणजे मी त्याच्याकडे गेले, पण तेव्हा तसं वाटत नाही. आणि मी लांब झुकले.

पाण्याखाली फार शांत असतं. हिरवट उजेड, कानात घुमणारा आवाज, आणि गार, फार गार. पट्ट्यांतून गुडघे आपोआप सुटले. वर आले तेव्हा वल्हं हातात होतं याचा मला आजही अभिमान आहे. पाय टेकवून उभं राहावंसं वाटलं. सगळ्यात मोठी चूक ती. धावत्या पाण्यात पाऊल दोन गोट्यांत अडकलं तर कंबरभर पाणीही माणसाला दाबून धरतं. पाठीवर झोपायचं, पाय पुढे, पावलांची बोटं पाण्याबाहेर. मी तशी झोपले. आभाळ दिसत होतं आणि लेकीची हाक ऐकू येत होती. मग छातीवर दोर पडला. दोर छातीशी धरून पाठ त्याच्याकडे करायची, मनगटाला गुंडाळायचा नाही, हे आठवलं. काठावर ओढलं गेल्यावर कळलं की दोर लेकीने फेकला होता. दादा तिच्या मागे तिचं जॅकेट धरून उभा होता.

मी रडले का? थोडी. पण मनात जे आलं ते वेगळंच होतं. या पाण्यात मी डोक्यापर्यंत बुडाले होते, आणि हे पाणी पणजीच्या खाचरांवरून आलं होतं. आजी ज्याच्यापासून आयुष्यभर मागे सरून उभी राहिली, ते हे. मी याहून जास्त अर्थ त्यात भरणार नाही. अंग थरथरत होतं आणि गरम चहा हवा होता.

पालथी झालेली होडी आतूनच सरळ करायची एक युक्ती आहे, कमरेच्या एका झटक्याने आणि वल्ह्याच्या आधाराने. इन्यूइट शिकाऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या येत होती, कारण त्या पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरण. युरोपियनांत ती पहिल्यांदा साधली ऑस्ट्रियाच्या पावलाटा नावाच्या गृहस्थाला, एका तळ्यात, 1927 साली. भिऱ्याचं वीजघर सुरू झालं तेच वर्ष! इतिहासाच्या बाई असते तर मुलांना जोड्या लावायला दिलं असतं. कन्येला ती युक्ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोहात एकदा जमली, नऊ प्रयत्नांनंतर. मी अजून त्या वाटेला गेलेले नाही.

या मंडळींच्या रीती मला आवडल्या. कुणी एकटं नदीत उतरत नाही. पुढचा खाली पोचून वल्हं उभं धरतो, म्हणजे या. आडवं धरलं की थांबा. आवाज खळाळात ऐकू येत नाही, म्हणून सगळं वल्ह्यानेच बोलायचं. होडीतून बाहेर पडून पोहावं लागलं तर परदेशात त्या माणसाला स्वतःच्या ओल्या बुटातून बिअर प्यायला लावतात. आमच्या कॅम्पवर बुटातून कोकम सरबत असा तोडगा निघाला. मी बूट दोनदा विसळून घेतला, तरी चव गेली नाही. शिकवणाऱ्यांत साजे-रवाळज्याकडची मुलं होती, नेपाळहून आलेले होते. संध्याकाळी शेकोटीपाशी मराठी, नेपाळी आणि हिंदीची भेळ. या नदीवर कुणाचं धरण आणि कुणाचं शेत, यावरही बोलणं निघालं. दादा म्हणाला, "आम्हाला तर हेच पाणी पोसतं, ताई." मी काही बोलले नाही. त्याचंही खरं होतं.

महबूल्याला परतल्यावर आमच्या मजल्यावरच्या कोळिकोडच्या ताईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आमच्या गावाकडे या. त्यांच्या जिल्ह्यात कोडंचेरीच्या बाजूला पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल होतो, देशोदेशीचे कयाकवाले तिथल्या ओढ्यांत उड्या टाकायला येतात. आपल्या जवळचं नाव हवं असेल तर नर्मदेवरचं महेश्वर: अहिल्याबाईंच्या त्याच महेश्वरी सहस्रधारेत, जिथे नर्मदा खडकांतून शेकडो धारांनी फुटते, 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धांतलं कॅनू स्लालम झालं. आणि आखातातच हवं असेल तर अमिरातीत अल ऐनला जबल हफीतच्या पायथ्याशी पंपाने पाणी फिरवून खळाळतं पात्र केलेलं आहे. पॅरिसचं ऑलिंपिक पात्रही पंपावरचंच होतं. "बघ," कन्या म्हणाली, "सगळीकडे कोणीतरी चालू करतंच."

राहिली आजी. ती आता नव्वदीला आली आहे, पौडजवळ मामाकडे असते. पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो. आईने मला डोळ्यांनी दटावलं होतं, पण कन्येच्या पोटात काही राहत नाही. तिने फोनवरचे फोटो दाखवत सगळं सांगून टाकलं: मुळशीचं पाणी, खडक, आईची डुबकी, दोर. आजी बराच वेळ त्या लाल होडीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. तिने मला जवळ बोलावलं, माझ्या दंडावरचा खडकाचा ओरखडा अंगठ्याने चाचपला आणि विचारलं,

"गार होतं का गं?"

"फार गार होतं, आजी."

"आई म्हणायची तसं. ओढ्याचं पाणी दाताला लागायचं म्हणायची." मग तिने मामीला दुपारच्या उजेडात जळणारा दिवा मालवायला सांगितलं.

या डिसेंबरात आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी तिघं. मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर आधी इथे तयारी करू. थंडी पडली की शुक्रवारी सकाळी सहा वाजता महबूल्याच्या किनाऱ्यावर आम्ही असतो. जे स्ट्रोक मी शिकवेन. डाव फिरवता येणाऱ्या कुणालाही तो अर्ध्या तासात जमतो. टोपी, पाण्याची बाटली आणि नीट मापाचं लाईफ जॅकेट आणा. थर्मास आता बाबांकडे असतो.